राइस ट्यूब नव्हे, राइल्स ट्यूब

वाचकांचे प्रश्न, सर्जिकलवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला. आता घरी आणलंय, पण गिळता येत नाही म्हणून नाकात नळी आहे. नळी बदलायला घरी येणाऱ्या सिस्टरनी चिठ्ठी दिली : ‘आर. टी. १६, फॉलीज १६, इंट्राकॅथ २२’, म्हणजे नाकातली नळी, लघवीची नळी आणि हाताच्या शिरेतली नळी. नाकातल्या नळीला आमच्या मजल्यावर सगळे ‘राइस ट्यूब’ म्हणतात. मीही तेच म्हणत होते, कारण आम्ही त्यातून पेजच देतो. दुकानदार म्हणाला, राइस नाही, राइल्स. हे राइल्स म्हणजे काय? आणि १६ नळी जाड वाटते म्हणून लहान नंबर मागावा म्हटलं, तर इंट्राकॅथच्या वेळी सिस्टर म्हणाल्या की लहान नंबर म्हणजे जाड. मग खरं काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, ‘राइस ट्यूब’ म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. नौपाड्यातल्या आमच्या दुकानात ती रोज मागितली जाते. कधी ‘राइस पाइप’, कधी ‘राइट ट्यूब’. एका आजोबांनी तर सरळ ‘रायलची नळी द्या’ म्हणून षष्ठी लावली होती. काउंटरवरचा पोरगा हसला, पण त्या सगळ्यांत आजोबाच बरोबर होते. राइल्समधला शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘ची’. राइल नावाच्या माणसाची नळी.

हा माणूस म्हणजे डॉ. जॉन आल्फ्रेड राइल, जन्म १८८९, मृत्यू १९५०. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये होता. त्याला पोटातल्या आम्लाचा अभ्यास करायचा होता. जेवल्यावर जठरात आम्ल किती सुटतं, केव्हा वाढतं, केव्हा उतरतं, हे बघायचं तर दर थोड्या वेळाने पोटातलं थोडं थोडं पाणी बाहेर काढायला हवं. त्या काळच्या जाड रबरी नळ्या तासन्‌तास घशात ठेवणं म्हणजे शिक्षाच. अमेरिकेतल्या रेफस नावाच्या डॉक्टरने बारीक नळी केली होती, तिच्या टोकाला भोकं पाडलेला धातूचा बोंडूक होता. राइलने बोंडूक काढला, मऊ बारीक रबरी नळी घेतली, टोक बंद केलं आणि आत थोडंसं शिसं ठेवलं. वजनामुळे नळी आपसूक खाली उतरते आणि माणसाला ती गिळता येते. हे १९२१ सालचं.

आता तुम्हाला गंमत सांगतो. तपासणीच्या दिवशी माणूस उपाशीपोटी यायचा, नळी गिळायचा आणि मग त्याला प्यायला काय द्यायचे, तर ओटची पेज! नळी तशीच ठेवून दर पाव तासाला पिचकारीने थोडं ओढून घ्यायचे आणि आम्ल मोजायचे. दोन-तीन तास हा कार्यक्रम. राइल आणि त्याचा सहकारी बेनेट यांनी शंभर निरोगी पुरुषांवर हे केलं, कारण आजारी पोट ओळखायचं तर आधी निरोगी पोट कसं वागतं ते कळायला हवं. म्हणजे तिकडे पेज तोंडाने आत जायची आणि नळीने बाहेर यायची. तुमच्याकडे पेज नळीने आत जाते. मुळात ही नळी भरवण्यासाठी जन्मलीच नव्हती, काढण्यासाठी जन्मली होती. हॉस्पिटलात ऑपरेशननंतर किंवा आतडं अडकलं की तीच नळी खाली पिशवीला लावून ठेवतात, ते तिचं मूळ काम.

नळीने भरवायची कल्पना मात्र राइलच्या पुष्कळ आधीची. जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश सर्जनने १७९० च्या सुमाराला गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीच्या बारीक काडीवर ईल माशाचं कातडं चढवून नळी केली आणि त्यातून अंडं, दूध, साखर असं पोटात घातलं. पुढे त्या माणसाला गिळता यायला लागलं.

आता सासूबाईंची नळी बदलायची असली की नव्या नळीचं पाकीट फोडण्याआधी उजेडात धरून बघा. टोकाशी आत तीन बारीक गोळ्या दिसतील. हल्ली त्या गंज न धरणाऱ्या पोलादाच्या असतात. त्या गोळ्या म्हणजे राइलचं शिसं. टोक बंद आहे आणि भोकं बाजूला आहेत, ती रस ओढून घेण्यासाठी. नळीच्या अंगावर पन्नास, साठ, सत्तर सेंटिमीटरच्या खुणा असतात. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. मोठ्या माणसाच्या दातांपासून जठराच्या तोंडापर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर धरतात, त्यामुळे पन्नासची खूण नाकाशी आली की टोक जठरात पोचलं असा ढोबळ अंदाज. सिस्टर नळी घालण्याआधी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी धरून बघतात ना, तो त्या माणसापुरता नेमका हिशोब. आणि नळीच्या लांबीभर जी एक रेघ असते ती शोभेची नाही, ती एक्स-रेमध्ये दिसते. नळी जठरात आहे की चुकून श्वासनळीत, हे खात्रीने सांगणारी तीच.

म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं की चिकटपट्टी लावल्यावर नाकाशी कितीची खूण आहे ती कागदावर लिहून पलंगाला लावा. खूण सरकली, रुग्णाला खोकला आला, आवाज बदलला तर त्या नळीतून पाण्याचा थेंबही न देता सिस्टरला फोन. भरवताना डोकं आणि छाती उंच, आडवं झोपवून कधीच नाही, आणि भरवल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुऊन घ्यायची, नाहीतर पेज आत सुकते. पेज, नाचणी, डाळीचं पाणी जे काय असेल ते बारीक फडक्यातून गाळून. हे सगळं सिस्टरनी सांगितलंच असेल, पण घरी आलेल्या नातेवाइकांपैकी एखादी आत्या ‘मी देते गं’ म्हणून पुढे होते आणि तिला यातलं काही ठाऊक नसतं.

राइलबद्दल अजून थोडं सांगतो, कारण मला हा माणूस आवडतो. केंब्रिजमध्ये वैद्यकाच्या मोठ्या मानाच्या खुर्चीवर तो १९३५ मध्ये बसला. ती सोडून १९४३ मध्ये ऑक्सफर्डला गेला, तिथे सोशल मेडिसिन या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला. माणूस आजारी का पडतो याचं उत्तर त्याच्या पोटात जेवढं असतं तेवढंच त्याच्या घरात, पगारात, कामाच्या जागी असतं, यावर त्याने उरलेली वर्षं घालवली. त्याचा भाऊ गिल्बर्ट राइल हा नावाजलेला तत्त्वज्ञ आणि मुलगा मार्टिन राइल रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, त्याला १९७४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या घरातल्या एवढ्या माणसाचं नाव आपल्याकडे रोज घेतलं जातं ते नळीमुळे, आणि तेही राइस म्हणून! योगायोग बघा, त्याच १९२१ साली न्यू ऑर्लिन्सच्या लेव्हिन नावाच्या डॉक्टरनेही नाकातून घालायची नळी आणली. तिच्या टोकात वजन नसतं. आपल्याकडचं डॉक्टरी शिक्षण ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे आपल्या चिठ्ठीवर आर. टी. आली. सरकारी परिभाषेत नासाजठर नलिका म्हणतात म्हणे. आमच्या काउंटरवर तशी मागणारा अजून यायचा आहे.

आता नंबर. इथे तुमचा गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण एकाच चिठ्ठीवर दोन उलट्या मोजपट्ट्या आहेत.

आर. टी. आणि फॉलीजचा १६ हा फ्रेंच नंबर. पाकिटावर एफजी १६ असेल किंवा परदेशी मालावर सीएच १६. सीएच म्हणजे शारिएर. झोझेफ-फ्रेदेरिक-बनुआ शारिएर हा स्वित्झर्लंडमध्ये १८०३ साली जन्मलेला मुलगा लहानपणीच पॅरिसला आला, चाकू-सुऱ्या करणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि पुढे डॉक्टरांची हत्यारं करणारा पॅरिसमधला सगळ्यात मोठा कारागीर झाला. त्याआधी जो तो आपल्या मनाने नळ्यांना नंबर देई. शारिएरने सरळ नियम केला : नंबर एकाने वाढला की नळीची जाडी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाने वाढणार. म्हणून नंबरला तीनने भागा, बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १६ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरला किंचित वर, १२ म्हणजे चार. नळीभोवती दोरा गुंडाळून मोजलात तर घेर जवळपास नंबराइतकाच मिलिमीटर येतो, तेही सोयीचं. इंग्रज लोकांना शारिएर उच्चारता येईना, म्हणून त्यांनी फ्रेंच म्हटलं आणि बिचाऱ्याचं नाव गेलं. राइलचं नशीब त्यापेक्षा बरं.

सुया आणि इंट्राकॅथ मात्र गेजमध्ये. ती इंग्लंडच्या बर्मिंगहॅमकडची तारेची मोजपट्टी. सोनार जशी तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेतो, तसंच तिथेही. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी तार बारीक आणि नंबर मोठा. म्हणून २२ ही १८ पेक्षा बारीक. सिस्टर बरोबर बोलल्या.

रंगाने मागायला जाल तर आणखी फसाल. इंट्राकॅथमध्ये हिरवा म्हणजे १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. आर. टी. आणि फॉलीजच्या तोंडाशी हिरवा म्हणजे १४, नारिंगी १६, लाल १८, पांढरा १२. ‘ती हिरवीवाली द्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, नाकाची की हाताची?

राहिला तुमचा मूळ प्रश्न, आर. टी. लहान नंबरची घ्यावी का. मोठ्या माणसाला साधारण १४ किंवा १६ घालतात. बारीक नळी नाकाला सोसते, पण घरची पेज तिच्यात तुंबते. १४ चालेल का हे सिस्टरना विचारा, दुकानात येऊन परस्पर बदलू नका. आणि भरवण्यासाठी ५० सीसीची सिरिंज घेताना ‘कॅथेटर टिप’ असं म्हणा, म्हणजे लांबट निमुळत्या तोंडाची. नुसतं ५० सीसी म्हटलंत तर सुई बसवायच्या तोंडाची मिळेल. तिला लुअर म्हणतात, तेही पॅरिसमधल्या हत्यारं करणाऱ्या एका घराण्याचंच नाव. ती या नळीला बसत नाही आणि मग पेज नळीत कमी, चादरीवर जास्त.

फॉलीजचं थोडक्यात. फ्रेडरिक फॉली हा अमेरिकेतला, मिनेसोटातला, मूत्ररोगांचा सर्जन. लघवीची नळी आत टिकून राहावी म्हणून पूर्वी ती बाहेरून पट्ट्यांनी बांधावी लागे. फॉलीने नळीच्या टोकाशी, तिच्याच अंगाचा भाग असावा असा, फुगा बसवला. आत गेल्यावर फुग्यात पाणी भरायचं की नळी बाहेर सरकत नाही. १९३६ मध्ये त्याने पेटंटला अर्ज केला, तोवर एका रबर कंपनीच्या माणसाला तशाच नळीचं पेटंट मिळालं होतं. भांडण झालं, अपिलात फॉली जिंकला, पुढे कोर्टात हरला. पेटंट कंपनीकडे राहिलं, नाव मात्र जगभर फॉलीचं. तुमच्या नळीला खालच्या बाजूला दोन तोंडं दिसतील. मोठ्याला युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, लागते, छोट्यावर झडप आणि मिलिलिटरचा आकडा असतो. तो आकडा फुग्यात किती पाणी मावतं त्याचा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालतात, सलाइन नाही, कारण मीठ साठून बारीक वाट बंद होऊ शकते. आणि नळी काढायची असो वा नसो, फुगा रिकामा केल्याशिवाय ती ओढायची नाही. झोपेत रुग्णाने ओढू नये म्हणून मांडीला चिकटवून ठेवतात, ती पट्टी सुटली की लगेच पुन्हा लावा.

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. मित्र म्हणतात ‘स्टंट टाकला’, आई म्हणते ‘स्प्रिंग बसवली’, डॉक्टरांच्या कागदावर स्टेंट आहे. स्प्रिंग म्हणणं चूक का? आणि स्टेंट हा शब्द कुठला?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : स्टंट म्हणजे सर्कशीतली उडी, ते सोडून द्या. पण आईला दुरुस्त करू नका. अमेरिकेत पोर्टलंडचे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची बंद रक्तवाहिनी न कापता, आतून नळ्या घालून रुंद केली. पाचच वर्षांनी त्यांनी कुत्र्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्यांत तारेचं वेटोळं बसवून पाहिलं. ते अक्षरशः स्प्रिंगच होतं. पुढे १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा जे बसवलं तेही सोडलं की आपोआप फुलणारं होतं. त्यामुळे आईच्या शब्दाला इतिहासाचा आधार आहे. आजकाल जे बसवतात ते फुग्यावर आवळून नेतात आणि फुगा फुगवून उघडतात, म्हणून त्याला जाळी म्हणणं जास्त जुळतं. मी दोन्ही ऐकून घेतो.

स्टेंट हे मात्र दातांच्या डॉक्टरचं नाव. चार्ल्स टॉमस स्टेंट, लंडनचा, १८०७ ते १८८५. त्याचा हृदयाशी काडीचाही संबंध नाही. कवळी करायची तर तोंडाचा ठसा घ्यावा लागतो. त्या वेळी त्यासाठी मेण, प्लास्टर आणि मलायाकडच्या झाडाचा चीक, म्हणजे गटापर्चा, वापरत. गटापर्चा गरम पाण्यात मऊ होतो, पण थंड होताना आक्रसतो आणि ठसा बिघडतो. स्टेंटने १८५६ मध्ये त्यात स्टिअरिन, टाल्क आणि लाल रंग मिसळून ठसा न बिघडणारा लगदा केला. गटापर्चा अजून गेलेला नाही बरं का, रूट कॅनलनंतर दातात जी गुलाबी काडी भरतात ती त्याचीच.

मग पहिलं महायुद्ध आलं. चेहरे फाटलेले सैनिक हॉस्पिटलात येऊ लागले. एसर नावाचा एक डच सर्जन जखमेच्या खळग्याचा ठसा स्टेंटच्या लगद्यात घ्यायचा, त्या ठशाभोवती रुग्णाच्याच अंगावरची पातळ कातडी गुंडाळायचा आणि ते सगळं जखमेत बसवायचा. लगद्याने कातडी जागेवर दाबून धरली की ती रुजायची. इथे शब्दाचा अर्थ हलला. लगदा मागे पडला आणि ‘आतून आधार देऊन जागेवर धरून ठेवणारी वस्तू’ एवढंच उरलं. मग पित्तनलिकेत घातलेल्या नळीला स्टेंट म्हणायला लागले, मूत्रनलिकेतल्या नळीला म्हणायला लागले आणि शेवटी रक्तवाहिनीतल्या जाळीला. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर ‘स्टेंट काढायला या’ म्हणतात तो हाच शब्द. तेव्हा घाबरून ‘डॉक्टर, हार्टचा काढणार का?’ असं विचारणारे लोक मला भेटले आहेत.

वरच्या उत्तरातली राइलची नळी हातात धरली तर राइल सापडतो. स्टेंटचं तसं नाही. वडिलांच्या छातीतल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या जाळीत स्टेंटच्या लगद्याचा कणही नाही.

जाळीची गरज का पडली तेही सांगतो. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. पण नुसत्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. जाळीने ते प्रमाण खाली आलं, पण जाळीतूनही पेशी वाढून यायच्या. म्हणून पुढे जाळीवर औषधाचा लेप आला. त्यातलं पहिलं गाजलेलं औषध सिरोलिमस, मूळ नाव रॅपामायसिन. ते पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, त्यावरून रॅपामायसिन. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत ज्या चमूने ते वेगळं केलं तिचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याकडचेच. वडिलांच्या कागदावर डीईएस असेल तर लेपवाली जाळी. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये किमतींवर मर्यादा घातली तेव्हा साध्या जाळीला ७,२६० आणि लेपवालीला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली होती. नंतर आकडे बदलत गेले आहेत, म्हणून बिल तपासायचं तर चालू वर्षाचा आकडा बघा.

डिस्चार्जच्या फायलीत एक छोटं कार्ड किंवा स्टिकर असेल, त्यावर जाळीचं नाव, लांबी, जाडी आणि नंबर असतो. त्याचा फोटो काढून वडिलांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एमआरआय सांगितला तर तिथे पहिल्यांदा तेच विचारतील. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, दात काढायचा असला तरी, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नाही.

प्रश्न : माझ्या काकांना मधुमेह आहे. अशक्तपणा आला की शेजारचे म्हणतात ‘एक सलाइन लावून घ्या’. सलाइनमध्ये साखर असते का? चिठ्ठीवर एकदा आर. एल. होतं, ते काय?
— एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : आपण टांगलेल्या प्रत्येक बाटलीला सलाइन म्हणतो. खरी सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, चिठ्ठीवर एन. एस., लिटरला नऊ ग्रॅम मीठ. साखर शून्य. डी-५ म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम ग्लुकोज, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, मीठ नाही. डी. एन. एस. मध्ये दोन्ही.

आर. एल. म्हणजे रिंगर लॅक्टेट. सिडनी रिंगर हा लंडनचा डॉक्टर १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते बघत होता. चांगलं चालायचं. मग लक्षात आलं की मदतनीस द्रावण नळाच्या पाण्यात करत होता. ऊर्ध्वपातित पाण्यात केलं तर हृदय लवकर थांबायचं. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि हृदयाला ते लागतं! त्यातून रिंगरचं द्रावण आलं. लॅक्टेट नंतर अमेरिकेतल्या हार्टमन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने घातलं.

तुमच्या काकांना अशक्तपणा साखर वाढल्याने येतो की कमी झाल्याने, हे बोटाच्या टोकावरच्या एका थेंबाने आधी बघा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बाटली लावू नका, आणि डॉक्टरांनी लावलीच तर सिस्टरना त्यात काय आहे ते विचारा. मधुमेह आहे हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, केसपेपरवर लिहिलेलं असलं तरी.

पुढच्या अंकासाठी चिठ्ठ्यांचे फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. रुग्णाचं नाव, वय आणि हॉस्पिटलचा शिक्का बोटाने झाकून फोटो काढा. मला फक्त औषधाच्या खालच्या दोन ओळी पुरतात, आणि त्याही डॉक्टरांनी वाचता येतील अशा लिहिल्या असतील तर.